जागेवर नाही

“बाई, ते भूत मराठी बोलतं की इंग्रजी?”

हा प्रश्न विचारायची पैज एका वडापाववर लागली होती. पैज लावणाऱ्या दोघी, प्राची आणि गीतांजली, लायब्ररीच्या दाराआड तोंडात ओढणीचे बोळे कोंबून उभ्या होत्या. राजेश्वरी मात्र चारुलताबाईंच्या टेबलासमोर अशी उभी होती, की जणू स्टेजवर बक्षीस घ्यायला आली आहे. वक्तृत्वात पहिली आल्यापासून ती कुठंही अशीच उभी राहायची. दूधवाल्यासमोर, वर्गशिक्षकांसमोर, आरशासमोर तर विचारूच नका. त्याआधी दोन वर्षं नेरूळच्या या शाळेत तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. पहिल्याच दिवशी हजेरीला ती ‘हाय’ म्हणाली होती आणि अख्खा वर्ग तिला ‘हॅलो’ म्हणाला होता. साताऱ्याकडून आलेलं ते एवढंसं ‘हाय’ तिनं गिळलं आणि त्याच्यामागून बाकीचे शब्दही पोटात गेले. आता नववीत ते सगळे एकदम वर आले होते. कुलूप निघालं होतं खरं, पण दार लावायचं कसं, ते ती विसरून गेली होती.

आणि भूत होतंच. रोज मधल्या सुट्टीनंतर लायब्ररीतून किंकाळी यायची. आधी टुणटुण, मग घसा खाकरल्यासारखी खरखर, मग कुणाचा तरी गळा आवळावा तशी लांबच लांब चिरकी शिट्टी, आणि पुढं सगळं चिडीचूप. त्या चिडीचूपमध्ये बाई एकट्याच हसायच्या. हे गीतांजलीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शाळा खाडीत भराव घालून बांधलेली, खाली पूर्वी मिठागर होतं, तेव्हा भराव टाकताना खाली कोण कोण राहून गेलं असेल सांगता येत नाही, असं प्राचीचं म्हणणं. पावसाळ्यात लायब्ररीच्या भिंतींना मिठाची पांढरी बुरशी यायची. पुसली तरी पुन्हा यायची, घामासारखी.

बाईंनी मान वर केली नाही. त्या एका लाकडी ठोकळ्यावर कागदाची पट्टी डिंकानं चिकटवत होत्या. पट्टी नीट बसली, त्यांनी अंगठ्यानं ती दाबली आणि मग त्या म्हणाल्या, “दोन्ही बोलतं. पण जास्त करून ते गप्पच असतं.”

दाराआडचं हसू बंद झालं. पैज तर जिंकली होती, पण राजेश्वरीचे पाय निघेनात. बाईंनी विनोद केला असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर त्याची काहीच खूण नव्हती. बिनखुणेचा तो चेहरा तिला ओळखीचा वाटला. इतका, की आपला हात गालाकडं गेला हे तिला नंतर कळलं.

भूत म्हणजे मोडेम. संस्थेच्या एका देणगीदारानं दिलेल्या कॉम्प्युटरला टेलिफोनची वायर जोडली, की ते किंचाळायचं आणि बाई एका लिस्टवर जाऊन पोचायच्या. राजेश्वरी दुसऱ्या दिवशी एकटीच आली तेव्हा बाईंनी तिला ते दाखवलं. राज्यातले आणि राज्याबाहेरचे शाळा-कॉलेजांतले लायब्रेरियन एका पत्त्यावर पत्र टाकायचे आणि ते सगळ्यांच्या पेटीत पडायचं. इंग्रजीत, नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. वाळवी लागली तर काय, पाचवीच्या मुलांना पुस्तकं हातात द्यावीत की नुसती दाखवावीत, असलं काहीबाही. शिक्षकांना स्टाफरूम असते, बाई म्हणाल्या, पण एका शाळेत लायब्रेरियन एकच. चुकलं तरी विचारणार कुणाला, कपाटांना? लिस्ट चालवणारे कमळाकर सर म्हणून नाशिकचे एक गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना एक सवय लावली होती. दर शुक्रवारी प्रत्येकानं आपल्या आठवड्याकडं बघून लिहायचं, मी काय केलं, कुठं अडखळलो, पुन्हा वेळ आली तर काय वेगळं करीन. त्याला ते ‘मागे वळून’ म्हणायचे. राजेश्वरीनं हे घरी सांगितलं, तशी तिच्या आईनं, विजयमालानं, भाकरी थापता थापता हात थांबवला. मसणातून परतताना मागं वळून बघू नये म्हणतात, ती म्हणाली, आणि तुमच्या बाई दर शुक्रवारी बघत्यात?

बाई वाचायच्या, हसायच्या, मान डोलवायच्या. लिहायच्या मात्र नाहीत. लिहायला बसायच्या, दोन ओळी व्हायच्या आणि मग एकेक अक्षर उलटं खात पडदा कोरा करायच्या. असं काय मोठं केलं मी, हे त्यांचं वाक्य. राजेश्वरीला ते बघवायचं नाही. आपलीच दोन वर्षं कुणीतरी समोर मांडून ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा न राहवून ती खुर्ची ओढून बसलीच: तुम्ही सांगा बाई, मी टाइप करते. बाईंनी सांगितलं ते एवढंच, की पुस्तक बांधणीला गेलं की त्याच्या जागी मी लाकडाचा ठोकळा ठेवते. त्याला डमी म्हणतात. नाहीतर शेजारची पुस्तकं कलंडतात, फट बुजते आणि इथं कुणीतरी होतं हे कुणाला कळतच नाही. राजेश्वरीनं त्यात आपल्या पदरची दोन-तीन वाक्यं घातली आणि बाई नको नको म्हणत असताना बटण दाबलं. पहिलं उत्तर लगेच आलं. वैजयंतीबाई, सांगलीकडच्या एका कॉलेजातल्या. ‘मी जागेवर नाही. परत आल्यावर लिहीन.’

पुस्तक मिळालं नाही की बाईही तेच म्हणायच्या, जागेवर नाही. शाळेच्या ऑफिसातला क्लार्कही साहेबांबद्दल तेच म्हणायचा. म्हणून राजेश्वरीनं सहज विचारलं, कुठं गेल्यात या? बाईंनी पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. वैजयंतीबाई मागच्या उन्हाळ्यात अपघातात गेल्या होत्या. रजेवर जाताना त्यांनी मशीनला सांगून ठेवलं होतं, पत्र आलं की एवढं उत्तर टाक. त्या गेल्या, पण मशीनला कुणी कळवलं नाही. आता लिस्टवर कुणीही काहीही लिहिलं, की त्यांचं उत्तर येतं. कमळाकर सर म्हणतात, राहू दे. जागेवरच गेल्या म्हणे, बाई पुढं म्हणाल्या. ‘जागेवर’ हा एकच शब्द त्यांच्याबद्दल हो आणि नाही दोन्ही म्हणत होता. राजेश्वरीच्या पाठीवरून थंड काहीतरी सरकत गेलं. आणि मनात, शप्पथ, किंचित मजाही वाटली.

मग बाईंना ताप आला. त्या वर्षी नेरूळमध्ये घरोघरी मलेरिया होता, पण बाईंचा डोक्यात गेला. त्या हॉस्पिटलात होत्या, मग भावाकडं द्रोणागिरीला. त्यांचा निरोप आला, की लायब्ररीची किल्ली नववीतल्या राजेश्वरीकडं द्या, ती मधल्या सुट्टीनंतर पुस्तकं देईल-घेईल; आणि पत्रं फक्त वाचून ठेव म्हणावं. किल्ली घरी आली त्या संध्याकाळी तिचे आण्णा, म्हणजे वडील बाबासो, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधले हमालांचे मुकादम, ती तळहातावर घेऊन कितीतरी वेळ तिचं वजन करत बसले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या टोळीला माहीत झालं, की मुकादमाची पोरगी बाईंच्या माघारी लायबरी चालवती. सानपाड्याच्या त्यांच्या घरात गोणपाटाचा आणि कांद्याचा वास कपड्यांच्या घडीघडीत बसलेला असायचा. त्या दिवसापासून आईनं किल्ली मात्र देव्हाऱ्यात ठेवायला सुरुवात केली, अत्तराच्या कुपीशेजारी.

फक्त वाचून ठेव. पण लिस्टवरचे लोक विचारायला लागले होते, चारुलताबाई, एकदा बोललात आणि पुन्हा गप्प? राजेश्वरीला वाटलं, फट बुजेल. शेजारची पुस्तकं कलंडतील. एक ठोकळा ठेवला तर काय बिघडलं? पहिल्या शुक्रवारी तिनं खरंखुरं लिहिलं, बाईंनी पूर्वी कधीतरी केलेलं. खाली बाईंचं नाव घातलं. दुसऱ्या शुक्रवारीही खरंच लिहिलं, पण त्याला झालर लावून. मग खरं संपलं. आणि नवल असं, की खरं संपलं तेव्हाच हात सुटला. ती बाईंच्या खुर्चीत बसायची, बाईंसारखी पेनानं भुवई खाजवायची आणि वाक्यं अशी यायची, जशी आधीच कुठंतरी लिहून तयार होती आणि तिची वाट बघत थांबली होती. एका शुक्रवारी तिनं लिहिलं: ‘शेवटच्या कपाटापाशी एक मुलगी येऊन उभी राहते. एका वेणीची रिबन सुटलेली. पुस्तक घेत नाही. पुस्तकांच्या पाठीवरून नुसतं बोट फिरवत जाते, शेवटपर्यंत, आणि मग उलटी परत. तिला काय हवं आहे हे मी विचारलं नाही. मी कामात होते. पुन्हा वेळ आली तर मी विचारीन.’

लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं आणि तिला वाटलं, ही कुठून आली? रिबनचं तर तिनं ठरवलंही नव्हतं. पण पत्र गेलं होतं. आणि उत्तरांचा नुसता पूर आला. कुणी लिहिलं, माझ्याकडंही एक आहे अशी. कुणी लिहिलं, मी आज उठून विचारलं, आणि ती रडायलाच लागली. कमळाकर सरांनी लिहिलं, की हे वाचून मी आज लायब्ररीतली माझी खुर्ची फिरवली, आता माझं तोंड दाराकडं नाही, कपाटांकडं आहे. आणि दर उत्तरामागोमाग न चुकता वैजयंतीबाई: मी जागेवर नाही, परत आल्यावर लिहीन, मी जागेवर नाही, परत आल्यावर लिहीन. दारावर कुणीतरी हलकेच नखं वाजवत राहावं तसं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, त्या मुलीचं काय झालं? मग राजेश्वरी लिहीत गेली. मुलगी आज आली नाही. मुलगी आली, पण मी वळले तोवर गेली. वर्गात फळ्यावरचं उतरवताना ती मुलगी तिच्या मनात असायची. बसनं घरी येताना खिडकीतून एकापाठोपाठ एक सेक्टर जायचे, नंबर लावून कपाटात ठेवल्यासारखे, कित्येक इमारती अजून रिकाम्या, गॅलरीत कपडे नाहीत, खिडकीत बल्ब नाही. आणि तिला वाटायचं, ह्या सगळ्या डमी आहेत. माणसं कुठंतरी बांधणीला गेली आहेत. प्राची म्हणाली, तू हल्ली बोलता बोलता मधेच थांबतेस, कुणीतरी सांगायची वाट बघितल्यासारखी. गीतांजली म्हणाली, आणि बाईंसारखी भुवई काय खाजवतेस गं, उवा झाल्यात?

आणि एका शुक्रवारी तिनं पत्र टाकलं आणि वैजयंतीबाईंचं उत्तर आलं नाही. तिनं वाट बघितली. वायर हलवून बघितली. मोडेम पुन्हा किंचाळवला. बाकीच्यांची उत्तरं येत होती, पण प्रत्येकाच्या मागं तेवढी एक जागा रिकामी. त्या कॉलेजनं जुनी नावं काढून टाकली असतील, मशीन बदललं असेल, हे तिला कळत होतं. ती काही बावळट नव्हती. तेवढ्यात कमळाकर सरांचं एका ओळीचं पत्र आलं: ‘आज वैजयंतीबाईंचं उत्तर नाही. बहुतेक त्या जागेवर आल्या.’ सरांनी ते हळवं होऊन लिहिलं असेल, नाहीतर थट्टेनं. भर दुपार होती. बाहेर मैदानात पीटीच्या शिट्ट्या वाजत होत्या, खारं ऊन खिडकीतून टेबलावर आलेलं होतं. पण राजेश्वरीची मान आखडली. मागं शेवटचं कपाट होतं. आईचं वाक्य आठवलं, मागं वळून बघू नये. आणि ती वळली. कपाटाच्या काचेत एक मुलगी उभी होती, एका वेणीची रिबन सुटलेली. ती आपणच, हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात राजेश्वरीला आपलं नाव आठवलं नाही. चारुलता, एवढंच आठवत होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई परत आल्या. वाळलेल्या, केस विरळ झालेले, आणि बोलताना शब्दाच्या आधी थोड्या थांबणाऱ्या. आजारपणानं त्यांची मधली काही महिन्यांची आठवण पुसट करून टाकली होती. पावसाळा आठवत नव्हता, शिक्षकदिन आठवत नव्हता. राजेश्वरीनं किल्ली पुढं केली, सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, पण बाई आधीच पडद्यासमोर बसून आपल्या नावावरची पत्रं वाचत होत्या. पहिल्यापासून. सावकाश. एखाद्या गावात लहानपणी राहिलेल्या माणसानं पुन्हा त्या गल्ल्यांतून चालावं तसं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत गेला. इतकं लिहिलं मी, त्या म्हणाल्या, बघ राजेश्वरी, ताप चढायच्या आधी मी किती छान काम करत होते. पत्रांवरच्या तारखांकडं त्यांनी बघितलंच नाही. आणि राजेश्वरीच्या तोंडातले शब्द पुन्हा जुन्या वाटेनं खाली गेले. हे काढून घेतलं तर बाईंकडं काय उरणार होतं? आणि मग सगळ्यांत वाईट ते झालं. बाई शेवटच्या कपाटाकडं बघत म्हणाल्या, “ती मुलगी मला आठवते. तिच्या दप्तराला कांद्याचा वास यायचा.”

हे राजेश्वरीनं लिहिलं नव्हतं. कांद्याबद्दल तिनं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तिनं दप्तर पोटाशी धरलं आणि ती लायब्ररीतून बाहेर पडली, आणि बसस्टॉपवर उभी असताना तिला ते सगळं एकदम दिसलं, वरचा भराव खचून खालचं जुनं पाणी दिसावं तसं. सातवी. मधली सुट्टी. वर्गात ‘हाय-हॅलो’ चाललेलं. डबा न उघडता ती लायब्ररीत यायची, शेवटच्या कपाटामागं, आणि पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवत राहायची, कारण काहीतरी करत असलं म्हणजे कुणी विचारत नाही. आणि सगळा वेळ मनात म्हणत राहायची, विचारा, बाई, विचारा. टेबलापाशी बाई मान खाली घालून चिकटवत बसलेल्या असायच्या. ती नंतर हे सगळं इतकं विसरली होती, की तिला वाटलं होतं, ही मुलगी मी रचली. म्हणजे बाईंनी त्या वेळी मान वर केली होती. बघितलं होतं. वाससुद्धा घेतला होता. फक्त विचारलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. बाई आता मधल्या सुट्टीत खुर्ची कपाटांकडं फिरवून बसायच्या. त्या मुलीची वाट बघायच्या. राजेश्वरी समोर उभी असायची, दोन्ही रिबनी घट्ट बांधलेली, वक्तृत्वाच्या ढालीची मानकरी, आणि बाई तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायच्या. तिलाच विचारायच्या, ती कुठं गेली असेल गं, शाळा तर सोडली नसेल? मग एके दिवशी राजेश्वरीला शेवटच्या कपाटात, अगदी तिचं बोट जिथून उलटं फिरायचं तिथं, एक नवा ठोकळा दिसला. त्यावर पट्टी होती. पट्टीवर पुस्तकाचं नाव नव्हतं, नंबर नव्हता. कोरी. बाईंच्या हातचा डिंक अजून ओला होता. तिनं ठोकळ्याला हात लावला आणि तो गरम होता. उन्हानं असेल. खिडकी समोरच होती. पण तो गरम होता, आणि तो काढला असता तर मागं काय असतं हे बघायचं धाडस, एवढी तोंडाळ झालेली असूनही, तिला झालं नाही. बाई तेव्हा नवं पत्र लिहीत होत्या. आता त्या स्वतः लिहायच्या, न खोडता. ‘ती मुलगी परत आली नाही. मला वाटतं मी उशीर केला.’ एका बोटानं, अक्षर शोधून शोधून. राजेश्वरीला वाटलं, हे पत्र गेलं की मग मी खरंच कुठंच नसेन.

त्या संध्याकाळी घरी जेवताना बाबासो टोळीतल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होते. कुणी एक जण दुसऱ्याच्या नावावर बोर्डाच्या परीक्षेला बसला आणि पकडला गेला. डमी म्हंत्यात त्याला, ते म्हणाले, अन् माझी पोर बघा, स्वतःच्या हिमतीवर लायबरी चालवली हिनं. विजयमाला चुलीसारख्या तापलेल्या स्टोव्हपाशी हसली. बाहेर समोरच्या रिकाम्या इमारतीत पहिल्यांदाच एका खिडकीत दिवा लागला होता. राजेश्वरी ताटावरून उठली. देव्हाऱ्यात अजून सवयीनं किल्लीची जागा मोकळी ठेवलेली होती; अत्तराची कुपी बाजूला सरकवून तिनं त्या जागेवर बोट टेकलं, आणि मग दप्तर उचलून नाकाशी नेलं. वास होता. चांगला दणदणीत होता. तिनं उजव्या वेणीची रिबन ओढून सोडली. आई म्हणाली, अगं, हे काय करतीस तिन्हीसांजेला? बाबासोंनी घास हातात धरून वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान, तो आता थोड्या वेळानं तिथं नसेल हे तिला दिसत होतं, तरीही ती बोलली. स्टेजवरच्या आवाजात नाही. त्या खालच्या, गिळून टाकलेल्या आवाजात, जो इतक्या दिवसांत तसाच्या तसा शिल्लक होता.

“आण्णा, बाईंच्या नावावरची ती सगळी पत्रं मी लिहिलीत. डमी मी हाय. उद्या मी त्या कपाटापाशी जाऊन उभी ऱ्हाणार, अन् बाईंनी विचारलं नाही तरी सांगणार, आणि मग लिस्टवर माझ्या नावानं लिहिणार, का मी जागेवर हाय.”